तानसा कुठल्या दिशेने वाहते?

आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकाचे संपादक वयाने माझ्या मुलाएवढे आहेत. लेख मागायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "काका, तुम्ही नोकरीत नेमकं काय करायचात?" मी म्हटलं, "नदी मोजायचो." ते अगदी मनापासून म्हणाले, "पण विरारला नदी कुठाय?"

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. हाच प्रश्न मला नोकरीत असताना पडायचा आणि तेव्हा मला त्याच प्रश्नाचा पगार मिळत होता. हायवेने गुजरातकडे निघालात की विरार फाट्याच्या पुढे एक पूल लागतो, त्याच्या खालून तानसा जाते. पुलावरून जाणारे तिला खाडी म्हणतात. वर वज्रेश्वरीला देवदर्शनाला जाणारे तिला नदी म्हणतात. मधल्या गावांतले लोक दोन्ही म्हणतात, वेळ बघून.

नव्वद सालानंतरची काही वर्षं माझी नेमणूक याच मधल्या पट्ट्यात होती. मी मूळचा संगमेश्वरकडचा. आमच्याकडची नदी डोंगरातून उतरते, आदळते, आपटते, पण निदान कुठे चाललीय ते सांगून जाते. इथे आल्यावर पहिल्या उन्हाळ्यातच माझं डोकं गरगरायला लागलं.

बाहेरच्या माणसाला आमचं काम सांगायचं तर असं. नदीच्या काठाला आकडे रंगवलेली एक उंच पट्टी रोवलेली असते. रोज सकाळी पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते बघायचं. एवढं कुणीही करील. पण पाणी किती उंच आहे यावरून ते किती वाहतंय हे कळत नाही, डबक्यातही पाणी उंच असतंच की. म्हणून ठरावीक वारी नदीवर या काठापासून त्या काठापर्यंत दोर ताणायचा, दोराला धरून होडी थोडी थोडी पुढे न्यायची आणि प्रत्येक टप्प्यावर खोली मोजून एक यंत्र पाण्यात सोडायचं. त्या यंत्राला छोट्या वाट्यांसारखे कप असतात. पाण्याच्या जोराने ते फिरतात आणि फिरताना कानाला लावलेल्या नळीत टिक्‌ टिक्‌ वाजतं. टिक्‌ मोजायचे, त्यावरून वेग काढायचा. रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार केला की झाली नदी. आमच्या खात्यात नदी म्हणजे एवढंच, बाकी सगळं कवींचं.

या कामात माझ्याबरोबर गोविंद असायचा. गोविंद आमचा खलाशी, म्हणजे होडी आणि दोर सांभाळणारा खात्याचा माणूस. माझ्यापेक्षा वयाने मोठा, अंगाने किरकोळ आणि मताने अत्यंत ठाम. त्याचं मत चुकलं तरी ठामपणा कमी व्हायचा नाही, ते मला आवडायचं.

नदी मोजणाऱ्याकडे कोण कोण काय काय विचारायला येतं, ते सांगितलं तर खोटं वाटेल. नायगावजवळ जूचंद्रला नव्या इमारतीत फ्लॅट घेऊ पाहणारे एक बँकेतले गृहस्थ रविवारी माझ्या घरी आले आणि म्हणाले, "तुमची नदी पुरात जास्तीत जास्त किती चढते तेवढं सांगा." मी सांगितलं. त्यांनी मनातल्या मनात हिशेब करून "म्हणजे दुसरा मजला" असा निकाल दिला. मी म्हटलं, "अहो, तुमची इमारत नायगावला, माझी नदी विरारच्या पलीकडे. तिचा तुमच्याशी काय संबंध?" ते म्हणाले, "साहेब, पाणी आहे, कुठेही जाऊ शकतं." मी हसलो. पुढे त्यांचं वाक्य मला बऱ्याच वेळा आठवलं. त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच घर घेतलं, असं कळलं.

निर्मळ गावचे एक बागायतदार मात्र हसण्यासारखे नव्हते. स्कूटरला केळीचा घड बांधून आले, घड माझ्या दारात ठेवला आणि म्हणाले, "आमच्या वाडीतली विहीर खारी होत चाललीय. तुम्ही नदी मोजता, तर नदीचं पाणी कमी झाल्यामुळे असं होतंय का, ते सांगा." मला सांगता आलं नाही. मी म्हटलं, मी फक्त वाहतं पाणी मोजतो. ते म्हणाले, "मग जे वाहत नाही ते कोण मोजतं?" केळी आम्ही खाल्ली.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती हिराबाईंची आहे.

हिराबाई आमच्या मोजणीच्या जागेला लागून असलेल्या गावच्या. गावाचं नाव लिहीत नाही, तिथे माझ्याबद्दल आज काय मत आहे ते मला नक्की ठाऊक नाही. बायकांना ग्रामपंचायतीत राखीव जागा मिळाल्या तेव्हा पहिल्याच फेरीत त्या निवडून आल्या होत्या. बाकीच्या बायांचे नवरे बैठकीला बसायचे, हिराबाईंचा नवरा घरी बसायचा आणि त्या बैठकीला जायच्या. भातशेती होती, एक म्हैस होती आणि लग्नाचा एक मुलगा होता. घर नदीच्या काठावर होतं, तरी प्यायचं पाणी त्या टेकडीपलीकडच्या विहिरीवरून आणायच्या, कारण होळी झाली की गावातल्या विहिरी मचूळ व्हायच्या.

पाण्यावरून त्यांचा जो अपमान झाला होता तो त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितला. जूचंद्रहून मुलासाठी स्थळ आलं होतं. मुलीचा बाप घर बघायला आला. चैत्राचा महिना, घाईत कुणीतरी गावच्याच विहिरीचं पाणी चहाला घेतलं. दूध घातल्याबरोबर चहा फाटला. पुन्हा केला, पुन्हा फाटला. मुलीच्या बापाने कप बाजूला ठेवला.

"काय बोल्ला म्हाईत हाय?" हिराबाई म्हणाल्या. "बोल्ला, आमी मिठागरवाले हाव, आमी मीठ पिकवतो, पीत नाय. आनि उठला. माज्या पोरात काय खोट नव्हती, साहेब. खोट पान्यात होती."

त्याच सुमारास नळयोजनेचं घाटत होतं. नदीच्या काठाला एक मोठी विहीर खोदायची, नदीचं पाणी तिच्यात झिरपू द्यायचं आणि पंपाने उचलून गावांना द्यायचं. विहीर हिराबाईंच्या गावाशी व्हावी की बरीच वर, दुसऱ्या गावाच्या हद्दीत, एवढाच प्रश्न होता. खाली झाली तर हिराबाईंच्या गावाला पहिला नळ. वर झाली तर त्यांचं गाव पाइपाच्या शेपटाला, आणि शेपटापर्यंत पाणी पोचतं की नाही हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. निकष सरळ होता. जिथे भर वैशाखातही नदी पुरेशी वाहते तिथे विहीर. आणि वैशाखात नदी किती वाहते ते सांगणारा माणूस मी.

माझ्या आधीच्या मोजणीदारांचे आकडे फार चांगले होते. उन्हाळ्यातही नदी भरपूर वाहते, असंच ते म्हणत होते. त्या आकड्यांवर खालची जागा जवळजवळ ठरलीच होती. एक शेवटची मोजणी तेवढी माझ्याकडून हवी होती. हिराबाई काठावर पदर खोचून उभ्या राहायच्या आणि आम्ही होडीतून उतरलो की विचारायच्या, "हाय ना पानी?"

होतं. एका आठवड्यात भरपूर होतं. पुढच्या आठवड्यात त्याच्या पावपटसुद्धा नव्हतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा नदी दुथडी. पाऊस नाही, वरच्या धरणातून पाणी सोडलेलं नाही. ते धरणाचं पाणी तर मुंबईला जातं, खाली आमच्या वाट्याला येते ती उरलीसुरली तानसा. मग हे पाणी येतंय कुठून आणि जातंय कुठे? मी यंत्र उघडून साफ केलं, तेल घातलं, गोविंदला दोर बदलायला लावला. ऑफिसात साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "गुरव, सरासरी काढा." सरकारी नोकरीत सगळ्या गोंधळांवर एवढं एकच औषध आहे.

एक दिवस होडीत बसलो असताना मला वाटलं, पाणी उलटं चाललंय. वज्रेश्वरीकडे.

मी गोविंदला म्हटलं तर तो हसला. "वारा हाय, साहेब. उन्हाळ्यात पश्चिमेचा वारा वरचं पानी ढकलतो. वरची साय हाललेली दिसते, दूध खालीच चाललेलं असतंय."

पटण्यासारखं होतं. सगळे तेच म्हणत आले होते. मी ते मानून घरी गेलो आणि जेवताना बायकोला सांगितलं. ती शाळेत शिकवत होती, तिने सरळ विचारलं, "मग तुमच्या त्या यंत्राला विचारा ना पाणी कुठल्या बाजूला जातंय." मी सांगायला तोंड उघडलं आणि घास हातातच राहिला. यंत्राला ते कळत नाही. पाणी इकडून येवो की तिकडून, कप एकाच बाजूला फिरतात आणि टिक्‌ टिक्‌ तीच. यंत्र वेग सांगतं, दिशा सांगत नाही. दिशा सांगायची गरजच काय? नदी खाली वाहते, हे पोरासोरांनाही माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही एक काचेची बाटली घेतली, तिच्यात वाळू भरली आणि बूच लावलं. पाण्यात सोडली तर फक्त मानेचा तुकडा वर राहील अशी. वाऱ्याला धरायला काही नाही. बाटली सोडली. ती थोडी घुटमळली आणि सावकाश, जत्रेला निघाल्यासारखी, वज्रेश्वरीच्या दिशेने निघाली. गोविंद तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "वाराच हाय. खालून वाहतोय." उन्हं कलल्यावर तीच बाटली आमच्यासमोरून परत खाली गेली. गोविंदने दोर गुंडाळायला घेतला.

भरतीचं पाणी होतं ते. खाडीतून चढून आमच्या मोजणीच्या जागेपर्यंत, आणि तिच्याही वर पोचत होतं. आम्ही मोजायचो दिवस ठरवून, सकाळी ऑफिसच्या वेळेला. नदीला मस्टर नव्हतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास आमच्या वेळेला भरती जोरात वर येत असायची आणि आम्ही ती तानसेच्या नावावर जमा करायचो. अष्टमीच्या आसपास ओहोटी असायची, तीही मरगळलेली. आम्ही वर्षानुवर्षं समुद्र मोजत होतो आणि नदी म्हणून सांगत होतो. भाताची तिथी, माशांची तिथी, उपासाची तिथी बघणारी माणसं आम्ही. फक्त नदीवर जाताना कॅलेंडरचा वार बघायचो.

मला वाटलं होतं, गोंधळ संपला. उलट तो इथून खरा सुरू झाला. भरती-ओहोटी धरून दिवसभर होडीत बसलो, वर गेलेलं पाणी खाली आलेल्या पाण्यातून वजा केलं, तेव्हा तानसेचं स्वतःचं असं जे उरलं ते फारच थोडं होतं. मी ते हिराबाईंना सांगितलं. त्या घरात गेल्या, तांब्या घेऊन आल्या, काठावर बसून त्यांनी पाण्यावरून तांब्या अलगद फिरवला आणि माझ्यापुढे धरला.

"प्या."

मी प्यालो. गोड होतं. चक्क गोड.

"म्हशीला आमी हेच देतो. ओहोटी सरता सरता वरच्यावर घ्यायचं, तांब्या बुडवायचा नाय. आता सांगा, नदी हाय का नाय?"

मी गोविंदला होडी मध्यावर न्यायला सांगितली, दोरीला बाटली बांधून तळाचं पाणी काढलं आणि हिराबाईंना दिलं. त्यांनी एक घोट घेतला आणि थुंकल्या. वर नदी होती आणि खाली समुद्र. एकाच जागी, एकाच वेळी. गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं. पुस्तकात वाचलं होतं, जिभेवर पहिल्यांदाच आलं.

"तुमचा तांब्या वरचं घेतो," मी म्हटलं, "पंप तसा घेणार नाही, बाई. तो सगळं ओढणार. एका उन्हाळ्यात विहीर खारी होईल."

"ते पुडं बगू. तुमी पानी हाय, एवडंच लिवा. खोटं थोडंच हाय? तुमीच प्यालात."

खोटं नव्हतं, तीच तर पंचाईत होती. "पाणी आहे" हे खरं, "नदी आहे" हेही खरं आणि "नदी पुरेशी वाहत नाही" हेही खरं. यातलं कुठलं खरं लिहायचं ते कुठल्याच नियमात नव्हतं. चार दिवस मला जेवण गेलं नाही. डोळ्यांपुढे फाटलेला चहा यायचा. शेवटी मी जे मोजलं ते लिहिलं. साहेब वैतागले, पण त्यांनी मान्य केलं. विहीर वर गेली.

हिराबाईंनी त्यानंतर मला एकदाही "हाय ना पानी?" विचारलं नाही. होडी काठाला लागली की त्या म्हशीला घेऊन दुसरीकडे जायच्या. मला ते फार लागलं, हे आज कबूल करायला हरकत नाही. मी त्यांचा कुणीच नव्हतो, तरी लागलं.

पुढे काय झालं ते ऐका. वरची विहीर झाली, चालली. वरच्या गावांना पाणी मिळालं. शेपटाला, अपेक्षेप्रमाणे, हवा आली. आणि वरून नदीचं आधीच थोडं असलेलं पाणी उचललं गेल्यामुळे खाली भरतीला अडवणारं काही राहिलं नाही. ती आणखी वर चढायला लागली. उन्हाळ्यात हिराबाईंच्या तांब्यात यायचं ते वरचं गोडं पाणीही मचूळ व्हायला लागलं. म्हशीने तोंड फिरवलं, असं गोविंद सांगत आला. मी मोजणीच्या जागी उभा राहून पट्टीकडे बघत होतो. आकडे तेच होते.

मी चूक केली का? बायको म्हणते, नाही. खाली विहीर झाली असती तर ती बुडालीच असती. गोविंद म्हणायचा, निदान दोन उन्हाळे तरी नळाला पाणी आलं असतं, आणि दोन उन्हाळ्यांत पोराचं लग्न होऊन गेलं असतं. दोघांचंही मला पटतं. मी अजून त्या दोघांच्या मध्ये लोंबकळतो आहे.

माझी बदली झाली. दोन हजार सालाच्या पुढे आमच्या या भागाला दुसऱ्या नदीचं पाणी लांबून पाइपाने आलं, ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहेच, तेच आपण पितो. निवृत्त झाल्यावर एकदा वज्रेश्वरीहून परतताना मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी रिक्षावाल्याला हिराबाईंच्या गावाकडे वळायला सांगितलं.

त्या ओट्यावर बसल्या होत्या. केस पांढरे झालेले, आवाज तोच. मला ओळखलं. "गुरवसाहेब, या," म्हणाल्या आणि आत जाऊन चहा ठेवला. दारात नळ होता. मी मुलाचं विचारलं.

"विरारला ऱ्हातो, फ्लॅटमदी. बायको चांगली हाय, एक नातू हाय. त्या येळेला इथं कोन पोरगी देत नव्हतं, मंग तोच पान्याकडं गेला." कप माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "आता नळ आला. चाय फाटत नाय. पन प्यायला कोन हाय?"

चहा चांगला झाला होता. मी तो हळूहळू प्यालो, कारण प्याल्यावर काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं.

मग त्याच म्हणाल्या, "चला, ओहोटी सरत आलीय." नळ दारात असताना या बाईला ओहोटीची वेळ कशाला लक्षात ठेवावी लागते, ते मी विचारलं नाही. आम्ही काठावर गेलो. आमची पट्टी तिथे नव्हती, फक्त तिचा बुंधा उरला होता. हिराबाई गुडघ्यावर हात ठेवून खाली बसल्या, ओंजळ पाण्यावरून अलगद फिरवली आणि माझ्यापुढे धरली. त्यांच्या ओंजळीतून पिणं बरं दिसेना, म्हणून मी माझी ओंजळ खाली धरली. त्यांनी त्यात पाणी ओतलं.

"कसं हाय?"

मी ते तोंडात धरून ठेवलं. मला खरोखर कळेना. थोडं मचूळ वाटलं, थोडं गोड वाटलं. चहाची चव अजून जिभेवर होती, तिचाही भरवसा नव्हता. समोर पाणी थांबलं होतं, इकडेही जात नव्हतं, तिकडेही जात नव्हतं.

"गोड आहे," मी म्हटलं.

हिराबाई माझ्याकडे बघत राहिल्या. खोटं बोललो असं त्यांना वाटलं की खरं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून समजलं नाही. मग ओले हात पदराला पुसत त्या म्हणाल्या, "मंग लिवा."

तेव्हा लिहायला माझ्याकडे काही नव्हतं, नोकरीही नव्हती. आता या अंकाने जागा दिली आहे, तर लिहितो. हिराबाईंच्या गावाशी तानसेला पाणी आहे.